गडावरील पेठ आणि सोन्याचा तराजू

इंग्लंडातील डोंगरमाथ्यांवर वसलेल्या जुन्या बाजारगावांची वर्णने इंग्रजी पुस्तकांतून आपल्या विद्यार्थ्यांच्या वाचनात वारंवार येतात. दगडी फरसबंदीचा उभा चढ, दुतर्फा ठेंगणी घरे, माथ्यावर प्रार्थनामंदिराचा मनोरा आणि आठवड्याच्या ठरलेल्या वारी भरणारा बाजार, हे चित्र मुलांस फार आवडते. अशा गावी एकदा जाऊन यावे, अशी इच्छा त्यांपैकी कित्येकजण बोलूनही दाखवितात. ही इच्छा मुळीच वाईट नाही. परदेशातील चांगले ते पाहावे, त्यापासून शिकावे, हे आमच्या शाळेचे धोरणच आहे. तथापि ज्या मुलास डॉर्सेट परगण्यातील डोंगरगावाचे वर्णन तोंडपाठ आहे, त्यास आपल्या घरापासून दिवसभरात जाऊन येण्यासारख्या अंतरावर एक डोंगरमाथ्यावरील पेठ आहे, हे ठाऊक नसावे, ही गोष्ट मनास लावून घेण्यासारखी आहे. मी रायगडावरील पेठेविषयी बोलत आहे.

आमची पुष्कळ मुले रायगड जिल्ह्यातच राहतात. नवी मुंबईचा वाशी-नेरूळकडील भाग ठाणे जिल्ह्यात आणि खारघर-पनवेलकडील भाग रायगड जिल्ह्यात मोडतो. १९८१ पर्यंत ह्या जिल्ह्यास कुलाबा म्हणत. पुढे त्यास रायगड हे नाव देण्यात आले. जे नाव मुले रोज पत्त्यात लिहितात, ते ज्या गडाचे आहे तो गड त्यांनी पाहावा, एवढेच सांगावयाचे असते तर लेखाची गरज नव्हती. सहली जातातच. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. आमची सहल गडावर जाते आणि पेठ न पाहता परत येते. मेघडंबरीपुढे छायाचित्रे निघतात, टकमक टोकावर आरडाओरडा होतो, समाधीपुढे घटकाभर शांतता असते. आणि ह्या ठिकाणांच्या वाटेवर जी लांबच लांब दुकानांची ओळ लागते, तिच्यातून मुले पळत निघून जातात. गडाने शाळकरी मुलास शिकविण्यासारखे जे आहे, त्याचा मोठा वाटा ह्या ओळीतच आहे, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्याचा येथे यत्न करतो.

प्रथम ज्या इंग्रजी गावाची मुलांस ओढ वाटते, त्याकडेच पाहू. डॉर्सेट परगण्यात शाफ्ट्सबरी म्हणून एक गाव आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे फूट उंचीच्या एका कड्यावर वसलेले आहे. राजा आल्फ्रेड याने नवव्या शतकात तेथे जोगिणींचा मठ स्थापिला. पुढे तो इंग्लंडातील मोठ्या श्रीमंत मठांपैकी एक झाला, आणि १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या अमदानीत बंद होऊन मोडला गेला. गोल्ड हिल नावाचा त्या गावचा उभा, गोट्यांनी बांधलेला रस्ता जगभर चित्रांतून प्रसिद्ध आहे. परंतु चित्रात जे दिसत नाही ते अधिक महत्त्वाचे आहे. त्या माथ्यावर पुरेसे पाणी नव्हते. डोंगराच्या पायथ्याशी एन्मोर ग्रीन येथे झरे होते. तेथून घोड्यांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर पाणी वर येई, आणि गाव ते विकत घेई. झरे दुसऱ्या जहागिरीत असल्यामुळे गावकरी दरवर्षी वाजतगाजत खाली जात आणि पाण्याबद्दल वासराचे डोके, पाव, दारू व पांढरे हातमोजे असा ठरलेला नजराणा देत. हा विधी १८३० पर्यंत चालला. म्हणजे ज्या गावाचे सौंदर्य आपण वाखाणतो, ते गाव कित्येक शतके खालून वर पाणी वाहणाऱ्यांच्या पाठीवर जगत होते, आणि त्याबद्दलचे आपले देणे निदान वर्षातून एकदा सर्वांसमक्ष कबूल करीत होते. डोंगरावरील कोणत्याही पेठेकडे पाहताना हाच प्रश्न आधी विचारावयास पाहिजे : हा माल वर कोणी आणला, आणि त्यास त्याचे मोल मिळाले काय?

आता आपल्या गडाकडे वळू. रायगडाचे मूळ नाव रायरी. १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव झाल्यावर हा डोंगर शिवाजी महाराजांकडे आला. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे २,७०० फूट आहे, आणि तिन्ही-चारी बाजूंस कडे तुटलेले आहेत. हिरोजी इंदुलकर ह्या कर्तबगार पुरुषाच्या देखरेखीखाली येथे राजधानीचे बांधकाम झाले. जगदीश्वराच्या देवळातील संस्कृत शिलालेखात त्याच्या कामाची गणती दिली आहे. तीत राजवाडे व गजशाळा तर आहेतच, पण विहिरी, तळी, बागा व वीथीही आहेत. राजवाड्याबरोबर रस्ता आणि विहीर ह्यांचीही नोंद दगडावर करावीशी वाटली, ही गोष्ट मुलांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ६ जून १६७४ रोजी ह्याच गडावर महाराजांस राज्याभिषेक झाला.

होळीच्या माळावरून जगदीश्वराच्या देवळाकडे निघाले म्हणजे पेठ लागते. मधून सुमारे चाळीस फूट रुंदीचा सरळ रस्ता गेला आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांस समोरासमोर दुकानांच्या रांगा आहेत. एकेका रांगेत वीसाहून अधिक गाळे आहेत. जोती चांगली उंच आहेत. पुढे ओटा आणि मागे खोल्या, अशी रचना दिसते. छपरे केव्हाच गेली, भिंती ढासळल्या, परंतु जोती अजून ओळीत उभी आहेत, आणि ती सुतात बांधलेली ओळ पाहिली म्हणजे ही वस्ती आपोआप वाढलेली नसून आधी विचार करून आखलेली होती, हे लहान मुलासही कळते.

ह्या पेठेविषयी दोन गोष्टी सर्व वाटाडे सांगतात. पहिली ही, की घोडेस्वारास खाली न उतरता सौदा करता यावा म्हणून जोती इतकी उंच केली. दुसरी ही, की एका दगडावर जो नाग कोरलेला आहे, ती नागाप्पा शेटीच्या दुकानाची खूण होय. दोन्ही कथा गोड आहेत आणि मुलांस आवडतात. त्यांस ऐतिहासिक कागदाचा आधार आहे असे मात्र म्हणता येत नाही. कोकणातील पावसाळा ज्याने पाहिला आहे, त्यास उंच जोत्याचे दुसरे कारणही सहज सुचेल. इतकेच नव्हे, तर ही दुकाने नसून अधिकाऱ्यांची राहण्याची घरे असावीत, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. शिक्षकाने अशा ठिकाणी काय करावे? कथा सांगूच नये असे मी म्हणत नाही. पण कथा ही कथा म्हणून आणि कागद हा कागद म्हणून सांगावा. ज्या थोर पुरुषाचे चरित्र कागदपत्रांनीच इतके उजळ दिसते, त्याच्या गौरवास पदरच्या भराची गरज नाही. आणि लहानपणी ऐकीव व लेखी ह्यांतील भेद करावयास शिकलेला मुलगा पुढे कोणत्याही बाजारात सहसा फसत नाही.

तर मग गडावरील व्यवहाराविषयी कागद काय सांगतो? राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईच्या इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन हा गडावर आला होता. मे १६७४ मध्ये तो मुंबईहून निघाला, चौल व रोहे-अष्टमीच्या वाटेने पाचाडास पोहोचला, आणि महाराज प्रतापगडाहून परत येईपर्यंत तेथे थांबून मग वर चढला. तो आला होता व्यापाराच्या कामासाठीच. राजापूरची वखार १६६१ मध्ये लुटली गेली होती, तिची भरपाई मिळावी, स्वराज्यात व्यापाराची मुभा असावी आणि जकात अडीच टक्क्यांहून अधिक नसावी, अशा त्याच्या मागण्या होत्या. त्यांपैकी बहुतेक मान्य झाल्या. परंतु किनाऱ्यावर फुटलेल्या इंग्रज गलबतांवरील माल परत मिळावा, ही मागणी मान्य झाली नाही. कारण ती कोकणच्या रिवाजाविरुद्ध होती, आणि एकास दिलेली सवलत मग सर्वच परक्यांनी मागितली असती. आलेल्या पाहुण्याचा मान राखावा, पण सौदा करताना आपल्या माणसांचे हित सोडू नये, ह्याचा हा धडाच होय.

ह्या वकिलातीची हकीकत डॉ. जॉन फ्रायर ह्याच्या १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात आली आहे. तीत एका वृद्ध खाटकाची गोष्ट आहे, ती मला फार आवडते. इंग्रज पाहुण्यांस बकऱ्याचे मांस पुरविणारा हा म्हातारा एके दिवशी गड चढून वर आला. का, तर त्याने कित्येक वर्षांत विकले नव्हते इतके मांस ज्यांनी थोड्या दिवसांत संपविले, ते गिऱ्हाईक तरी कसे दिसते ते डोळ्यांनी पाहावे म्हणून! सबंध राज्याभिषेकाच्या वर्णनात हत्ती, जवाहीर, मानकरी ह्यांची दाटी आहे. तीत हा एक नाव नसलेला दुकानदार धापा टाकीत वर येतो आणि कुतूहलाने पाहुण्यांकडे बघतो. इतिहासात अशी माणसे क्वचितच दृष्टीस पडतात. पेठ उभी असते ती त्यांच्यावर.

त्याच ऑक्झेंडनने दरबारात पाहिलेली आणखी एक वस्तू मुलांस आवर्जून सांगावयास पाहिजे. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस सोन्याने मढविलेल्या भाल्यांच्या टोकांवर राजसत्तेची चिन्हे लाविलेली होती. उजव्या अंगास मोठ्या दातांच्या सोन्याच्या माशांची मस्तके होती. डाव्या अंगास घोड्यांची पुच्छे आणि एका मूल्यवान भाल्याच्या टोकावर समतोल टांगलेला सोन्याचा तराजू होता. तराजू हे न्यायाचे चिन्ह, असे त्या परक्या पाहुण्यानेही ओळखिले. आता विचार करा. तराजू ही मुळात वाण्याच्या दुकानातील वस्तू. सिंहासनाजवळचा सोन्याचा तराजू आणि त्याच माथ्यावरील व्यवहारातला लोखंडी तराजू ह्यांच्यात काही नाते होते की नाही, हाच राज्याच्या खरेपणाचा प्रश्न असतो. सोन्याचा तराजू समतोल आणि दुकानातला खोटा, अशी राज्ये जगात कमी झालेली नाहीत.

येथे हे नाते होते, असे दाखविणारी महाराजांची दोन पत्रे आहेत. पहिले १६७१ मधील, कुडाळच्या अधिकाऱ्यास लिहिलेले. पोर्तुगीजांच्या बारदेशातील मीठ स्वस्त पडू लागले, आणि त्यामुळे स्वराज्यातील मिठाचा धंदा बुडण्याची वेळ आली. तेव्हा बाहेरच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे आपल्याकडील मीठ विकले जाईल, असा त्याचा आशय आहे. उरण-पेणच्या बाजूस मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत, उन्हात खाऱ्या पाण्यात राबणाऱ्या माणसांचे पाय ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस ह्या पत्राचा अर्थ फोड करून सांगावयास नको. दुसरे पत्र राज्याभिषेकापूर्वी थोड्याच काळात, चिपळूणजवळच्या लष्करी छावणीतील अधिकाऱ्यांस लिहिलेले आहे. त्यात ताकीद अशी, की ज्यास दाणा, गवत, फाटे, भाजीपाला जे लागेल ते त्याने बाजारात जाऊन रोख पैसे देऊन घ्यावे; रयतेच्या घरात शिरून काही उचलू नये; तसे झाले तर ह्यांच्यापेक्षा मोगल बरे, असे लोकांस वाटेल. ज्याच्या कमरेस तलवार आहे अशा शिपायाने निःशस्त्र भाजीवालीस पुरे दाम द्यावे, ही आज्ञा सतराव्या शतकातील आहे, हे विसरू नये. त्या काळी सैन्य चालले म्हणजे वाटेवरची गावे उजाड व्हावयाची, हीच जगाची रीत होती.

मग एवढी नीट आखलेली पेठ ओस का पडली? शाफ्ट्सबरीचा मठ मोडला तरी त्या गावचा बाजार मोडला नाही. भोवतालच्या शेतकऱ्यांस तो हवा होता म्हणून तो टिकला. रायगडाची पेठ मात्र राजधानीच्या गरजेने वर नेलेली होती. १६८९ मध्ये गड मोगलांच्या हाती पडला. राजाराम महाराज त्यापूर्वीच निसटून पुढे जिंजीस गेले होते. नंतर गड पुन्हा मराठ्यांकडे आला, पण तोपर्यंत राज्याचे केंद्र सातारा व पुणे येथे गेले होते. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेने तोफा डागल्या, आग भडकली आणि जे काही लाकूडकाम उरले होते ते जळाले. खाली सावित्रीच्या काठी महाडचा बाजार मात्र आजही भरतो. राजाश्रयाने वर चढविलेली पेठ राजाबरोबर उतरते, आणि शेजाऱ्यांच्या गरजेवर उभी असलेली पेठ राज्ये बदलली तरी टिकते. इतिहासाच्या तासास हा मुद्दा काढला तर मुले त्यावर चांगली चर्चा करतील.

तथापि गडावरील व्यवहार अगदीच संपला, असे म्हणता येत नाही. हिरकणीची कथा सर्वांस ठाऊक आहे. दूध विकावयास गडावर आलेली ही गवळण दरवाजे बंद झाल्यामुळे अडकली आणि घरी ठेविलेल्या तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेली, असे सांगतात. ही कथाच आहे. पण तिच्यात एक गोष्ट निश्चित खरी आहे. गडाला दूध लागत होते आणि ते खालून वर कोणीतरी रोज वाहून आणीत होते. आजही गडावर व गडाच्या वाटेवर ताक, लिंबूसरबत, काकडी घेऊन भोवतालच्या वाड्यांतील बायामाणसे बसलेली असतात. चौदाशेंहून अधिक पायऱ्या चढून येणाऱ्या माणसास त्या ताकाच्या पेल्याची किंमत कळते. परंतु रज्जुमार्गाने चार-पाच मिनिटांत वर आलेल्या, खिशात वीस-वीस रुपयांचे खाऊचे पुडे असलेल्या मुलांपैकी कोणी त्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतात, आणि ती कमी करीत नाही म्हणून तिची चेष्टाही करतात. हेच मूल मोठ्या विक्रीभवनात छापील किमतीपुढे निमूट मान तुकविते. छापील किमतीपुढे मान तुकवावयाची आणि डोक्यावर ओझे वाहणाऱ्यापुढे हिशेब काढावयाचा, ही सवय एकदा जडली म्हणजे आयुष्यभर सुटत नाही. आणि सिंहासनाजवळच्या सोन्याच्या तराजूपुढे उभे राहून ती जडावी, ह्याहून दुसरी विसंगती ती कोणती?

यास्तव शाळेच्या सहलीविषयी माझ्या काही सूचना आहेत. पहिली, ज्यांस शक्य आहे त्यांनी गड निदान एका बाजूने तरी पायी चढावा वा उतरावा. १९९६ पासून रज्जुमार्ग चालू आहे, ही वृद्धांची, आजाऱ्यांची व अपंगांची मोठी सोय आहे. तिचा उपयोग करणाऱ्यास कमी लेखू नये. पण धडधाकट मुलाने केवळ कंटाळ्याने चढण टाळू नये. दुसरी, पेठेत निदान एक तास काढावा. प्रत्येक तुकडीने एकेक गाळा घ्यावा, पावलांनी मोजावा, त्याचा आराखडा काढावा आणि येथे काय विकले जात असेल, ते कोठून व कोणाच्या पाठीवरून आले असेल, ह्याचा तर्क लिहावा. तिसरी, वाटेतील विक्रेत्यास मागेल ते दाम द्यावे, आणि तोंडाने दोन शब्द गोड बोलावे. चौथी, वर नेलेली प्रत्येक बाटली व पुडी खाली आणावी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यांत रायगड आहे. जगाने मान दिलेल्या वास्तूच्या जोत्यावर आपले नाव खरडून येणाऱ्या मुलास अक्षरओळख झाली आहे, शिक्षण झालेले नाही.

ह्यावर पालकांचा एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. मुले वर्षभर अभ्यासाने थकलेली असतात. त्यांस पडक्या जोत्यांत काय मौज? त्यापेक्षा जलक्रीडेच्या बागेत न्यावे. मौज हवीच, ह्यात शंका नाही. पण बागेतली मौज पालक कोणत्याही रविवारी मुलास देऊ शकतात. शाळेने नेले म्हणजे जेथे एकटे गेले असता काही दिसले नसते, तेथे न्यावे. दुसरा आक्षेप आमच्याच मंडळींतून केव्हा केव्हा येतो. मिशनच्या शाळेने गडांच्या फेऱ्या कशासाठी कराव्यात, असे ते विचारतात. त्यांस माझे नम्र उत्तर असे, की ख्रिस्ती झाल्याने कोणाचे मराठीपण सुटत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातील माणूस १५७९ मध्ये गोव्यास आला, येथील भाषा शिकला, तिच्यावर लुब्ध झाला आणि १६१६ मध्ये त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. परदेशातून आलेल्यास जर ह्या भूमीची भाषा इतकी आपली वाटली, तर ह्या भूमीत जन्मलेल्या आम्हांस तिचे डोंगर परके का वाटावे? शिवाय ज्या पवित्र शास्त्रावर आमची श्रद्धा आहे, त्यात खऱ्या वजनमापाविषयी मोशेच्या नियमशास्त्रापासून नीतिसूत्रांपर्यंत वारंवार ताकीद आहे, आणि गरिबास फसविण्यासाठी माप लहान करणाऱ्या व्यापाऱ्यांस आमोस संदेष्ट्याने किती कठोर शब्द ऐकविले, हे आमच्या मुलांनी शब्बाथशाळेत वाचलेले आहे. प्रभूने आपल्या शिष्यांस डोंगरावरील नगराची उपमा दिली, ती उंचीच्या अभिमानासाठी नव्हे. उंचावर असलेल्याचे वर्तन दुरूनही सर्वांस दिसते, हे त्याने सांगितले. तेव्हा तराजूचा हा धडा आम्हांस परका नाही. तो आमच्याच घरचा आहे, आणि रायगडावर तो दगडांत पाहावयास मिळतो.

शेवटी एक गोष्ट सांगून लेखणी आवरतो. आपण नवी मुंबईकर मोठ्या बाजाराच्या शेजारी राहतो, पण त्याचे स्मरण आपल्यास क्वचितच होते. मुंबईतील घाऊक बाजार १९८० नंतर टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याकडे आले. कांदा-बटाटा, मसाले, धान्य, भाजी, फळे, सर्व काही तेथे रात्रीतून उतरते आणि सकाळी आपल्या ताटात येते. ते उतरवितात माथाडी कामगार. माथ्यावर ओझे वाहतो म्हणून माथाडी. त्यांच्या रोजगाराच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. आमच्या शाळेतील काही मुलांचे वडील व आजोबा ह्याच कामावर आहेत, आणि काही मुलांचे वडील त्याच बाजारात व्यापारी आहेत. दोघेही एका बाकावर बसतात. रायगडच्या पेठेत एक तास घालविलेल्या तुकडीस त्याच महिन्यात एका पहाटे तुर्भ्याच्या बाजारात न्यावे. तेथे काट्याकडे पाहावे, पोती वाहणाऱ्या माणसांकडे पाहावे, आणि गडावर विचारलेला प्रश्न पुन्हा विचारावा : हा माल येथवर कोणी आणला, आणि त्यास त्याचे मोल मिळाले काय? येत्या वर्षीची सहल ह्या रीतीने आखावी, अशी माझी मुख्याध्यापकांस, सहकाऱ्यांस व पालकांस विनंती आहे. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही मोठे होऊन शाफ्ट्सबरीचा चढ चढाल तेव्हा त्या गावचे पाणी वाहणाऱ्यांचीही आठवण ठेवा, एवढेच तुम्हांस सांगणे आहे.